मार एका फाईलमध्ये, मूल दुसऱ्या फाईलमध्ये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या ताब्यावरून चाललेल्या खटल्याची बातमी आली की मथळा ठरलेला असतो: ‘आई-वडिलांच्या भांडणात मुलाची फरफट’. दोघेही सारखेच हट्टी, दोघांनीही थोडे सोसायला हवे होते, असा त्याचा सूर. ज्या घरात खरेच भांडण होते तिथे हा मथळा चालेल. पण जिथे एक जण वर्षानुवर्षे मारत होता आणि दुसरी मार खात होती, तिथे त्याला भांडण म्हणणे अन्यायाचे आहे. बाईने घर सोडले, हात पोहोचेनासा झाला, की तिच्यापर्यंत पोहोचायला अशा माणसाकडे एकच कायदेशीर वाट उरते. ती म्हणजे मूल.

या माणसाची न्यायालयातली निवेदने शेजारी ठेवून वाचावीत. पोटगीच्या अर्जावर तो लिहून देतो, मूल माझे नाही, डीएनए चाचणी करा. त्याच वर्षी कौटुंबिक न्यायालयात अर्ज करतो, मी बाप आहे, ताबा मला द्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जावर म्हणणे मांडतो की मुलाला भेटू द्यायचे नाही म्हणून हे सगळे रचले आहे. तीन न्यायालये, तीन फायली, आणि एकीतले दुसरीला ठाऊक नाही. मार एका फाईलमध्ये राहतो, मूल दुसऱ्या. ताबा ठरवणाऱ्या न्यायाधीशांसमोरच्या कागदांत मग एक तळमळणारा बाप आणि एक अडवणूक करणारी आई एवढेच दिसते. या फायली कोणी आपणहून जोडून देत नाही. ते काम त्या बाईला आणि तिच्या वकिलालाच करावे लागते, आणि कायद्याने त्याला भरपूर वाव ठेवला आहे.

सुरुवात नकलांपासून करावी. दंडाधिकाऱ्यांसमोरचा हिंसाचाराचा अर्ज, संरक्षण अधिकाऱ्यांनी भरलेला कौटुंबिक घटना अहवाल, अंतरिम आदेश, पोलिसांकडची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) किंवा एफआयआर, त्याने पोटगीच्या अर्जावर दिलेली कैफियत, हे सारे प्रमाणित नकला काढून यादीसह ताब्याच्या अर्जात दाखल करावे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा आदेश पक्षकाराला विनाशुल्क मिळतो, तशी कलम २४ मध्ये तरतूदच आहे. ‘मूल माझे नाही’ असे शपथेवर सांगणारी कैफियत ताब्याच्या फाईलमध्ये गेली की पुढच्या तारखेपासून उलटतपासणीचा रंग बदलतो. अनेक प्रकरणांत ही एक नक्कल कोणी काढलेलीच नसते.

अर्जात आणि शपथपत्रात हिंसा कशी लिहिली आहे, यावरही बरेच अवलंबून आहे. ‘प्रतिवादीने अर्जदारास वेळोवेळी शारीरिक व मानसिक त्रास दिला’ हे वाक्य न्यायाधीशांनी दिवसातून दहा वेळा वाचलेले असते. त्यातून मुलाबद्दल काहीच कळत नाही. लिहायचे ते असे: ‘१४ जून, रात्री साडेनऊचा सुमार. त्याने जेवणाचे ताट भिंतीवर फेकले व माझे केस धरून डोके ओट्यावर आपटले. मुलगी, वय ६, त्याच खोलीत गृहपाठ करत होती. ती टेबलाखाली शिरली व अर्धा तास बाहेर आली नाही. पुढचे आठ दिवस ती अंथरूण ओले करत होती. १८ जूनला डॉक्टरांना दाखवले, केसपेपर सोबत जोडला आहे.’ तारीख, वेळ, जागा, मूल कुठे होते, त्याने काय पाहिले, नंतर त्याच्यात काय बदल झाला आणि त्याचा कागद कोणता. असे चार-पाच प्रसंग पुरतात. चाळीस प्रसंग मोघम लिहिले तर त्यातले चार खरे ठसठशीत प्रसंगही बुडून जातात. आणि एकही ओळ वाढवून लिहू नये. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, तक्रार करणे बंधनकारकच आहे, पण समोरच्याला अडकवण्यासाठी ते कलम ओढून आणले तर बाकीचे सगळे खरे म्हणणेही संशयात येते.

‘हा नवरा-बायकोचा प्रश्न झाला, मुलाशी तर तो चांगलाच वागतो’ हा युक्तिवाद अजूनही सर्रास होतो. पालक व पाल्य अधिनियम, १८९० चे कलम १७ न्यायालयाला होणाऱ्या पालकाचे चारित्र्य व कुवत पाहायला सांगते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चे कलम १३ मुलाचे हित सर्वांत वर ठेवते. ताबा मागणाऱ्या पालकावर फौजदारी खटला चालू असेल तर त्याकडे डोळेझाक करून ताबा ठरवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. हे मुद्दे लेखी म्हणण्यात यावे लागतात. तोंडी युक्तिवादात बोललेले रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, येत नाही.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ‘पाच वर्षे पुरी होऊ दे, मग बघतो’ ही धमकी शेकडो बायका खऱ्या मानतात. १९५६ च्या कायद्यात पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असे म्हटले आहे. पाच पूर्ण झाले की मूल आपोआप बापाकडे जाते, असे कुठेही नाही. त्यानंतरही कसोटी हिताचीच. मुस्लिम कुटुंबांत आईकडच्या ताब्याची वये वेगळी सांगितली जातात, तरी अर्ज १८९० च्याच कायद्याखाली चालतो आणि मुलाचे हित तिथेही पाहिले जाते.

आता सर्वांत कमी वापरल्या जाणाऱ्या कलमाकडे येते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा बहुतेकांना मारहाण, घर आणि खर्च यांसाठी माहीत आहे. त्याचे कलम २१ दंडाधिकाऱ्यांना मुलाचा तात्पुरता ताबा देण्याचा अधिकार देते, सुनावणीच्या कोणत्याही टप्प्यावर, दुसऱ्या कायद्यात काहीही असले तरी. त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीत, म्हटले आहे की प्रतिवादीची भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असे दंडाधिकाऱ्यांचे मत झाले तर त्यांनी भेट नाकारलीच पाहिजे. ‘नाकारू शकतील’ असा शब्द तिथे नाही. तरीही डीव्हीचे, म्हणजे याच कायद्याखालचे, अर्ज पाहिले तर मागण्यांमध्ये कलम १८ (संरक्षण), १९ (घर), २० (खर्च), २२ (भरपाई) असतात आणि २१ गळालेले असते. कारण साधे आहे: अर्ज करताना मूल आईजवळच असते, त्यामुळे ‘ताबा कशाला मागायचा’ असे वाटते. मूल जवळ असणे आणि ताब्याचा आदेश हातात असणे यांतला फरक कळतो तो मूल शाळेच्या दारातून उचलले गेल्यावर.

कलम २१ सोबत कलम १८ ची, म्हणजे संरक्षण आदेशाची, आखणीही नीट हवी. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही कलम ३१ ची शिक्षा संरक्षण आदेशाच्या भंगाला आहे, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. नुसता ताब्याचा किंवा भेटीचा आदेश मोडला तर हे कलम थेट लागत नाही. म्हणून शाळेत जाणे, मूल नेहमी जिथे जाते तिथे घुटमळणे, आईच्या कामाच्या जागी येणे, फोन-मेसेज करणे, नातेवाइकांना धमकावणे या गोष्टींना मनाई कलम १८ खाली, शाळेचे नाव घालून, स्वतंत्रपणे मागावी. मग पोलिसांना ‘हे कौटुंबिक आहे, कोर्टात जा’ असे म्हणून परत पाठवता येत नाही.

अर्ज बाई सध्या राहते तिथे, अगदी तात्पुरती राहत असली तरी, करता येतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात महिने जातात, म्हणूनच कलम २३ खालचा अंतरिम अर्ज मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी दिला पाहिजे. ठरलेल्या नमुन्यातले शपथपत्र जोडले असेल तर एकतर्फी आदेशही होऊ शकतो. संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल यायचा आहे म्हणून अर्ज अडतो, ही नेहमीची तक्रार आहे. त्या अहवालाशिवायही आदेश देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. घटस्फोट झाला असला तरी संसारात झालेल्या हिंसाचारासाठी हा कायदा उपलब्ध आहे, आणि लग्न न करता नवरा-बायकोसारखे एकत्र राहिलेल्या बाईलाही. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ताब्याचा मुख्य अर्ज मात्र मूल जिथे सर्वसाधारणपणे राहते तिथल्या न्यायालयात चालतो. इथे मोठी रस्सीखेच होते. बाई मूल घेऊन माहेरी येते, दोन महिने सावरण्यात जातात, तेवढ्यात तो जुन्या गावी अर्ज टाकतो की मूल इथलेच, तिने पळवून नेले. शाळेचा प्रवेश, लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांचे कागद नव्या पत्त्यावर जितक्या लवकर होतील तितके बरे, आणि आपला अर्ज आधी पडलेला असावा. उशीर झाला तर खटला हलवून घेण्यासाठी राज्याच्या आत उच्च न्यायालयात आणि राज्याबाहेर सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो.

समुपदेशनाबद्दल सावध राहावे. कौटुंबिक न्यायालयाला तडजोडीचा प्रयत्न करावाच लागतो. पण मारणाऱ्या माणसाशेजारी बसून बाई काय बोलणार? वेगळ्या वेळी, वेगळे बसवावे असा लेखी अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. समुपदेशकांसमोर बोललेले गोपनीय असते, त्याचा पुरावा होत नाही. बायका तिथे मन मोकळे करतात, सगळे सांगितले असे समजतात, आणि शपथपत्रात ते नसतेच.

सर्वांत जास्त नुकसान होते ते मोघम लिहिलेल्या भेटीच्या आदेशातून. ‘प्रतिवादीस महिन्यातून दोन वेळा मुलास भेटण्याची मुभा’ एवढ्या एका ओळीवर पुढची तीन वर्षे छळ चालू शकतो. कुठले दोन दिवस? कुठे? मुलाला आणणार कोण? तो दर शुक्रवारी रात्री अकरा वाजता मेसेज करतो की उद्या सकाळी नऊला घ्यायला येतो. नाही म्हटले तर अवमानाचा अर्ज, हो म्हटले तर तो दारात. म्हणून भेटीचा मसुदा आपणच लिहून न्यायालयापुढे ठेवावा. वार ठरावीक असावा, जसे पहिला व तिसरा शनिवार, आणि त्या दिवशी न्यायालयाला सुट्टी नाही ना ते पाहून. वेळ अकरा ते एक. जागा न्यायालयाचा बालकक्ष. ती सोय नसेल तर तिऱ्हाईत माणूस हजर असेल अशी दुसरी ठरलेली जागा, पण कोणाचेही घर नाही. मुलाला मामा किंवा आजी आणून सोडेल, आई समोर येणार नाही. तो आधी येऊन आत बसेल, मूल नंतर येईल. जाताना मूल आधी निघेल आणि तो वीस मिनिटांनी. ही वीस मिनिटे कागदावर नसली की रिक्षाचा पाठलाग होतो आणि नवा पत्ता त्याला मिळतो. तो पंधरा मिनिटांहून उशिरा आला तर त्या दिवसाची भेट रद्द. दारू पिऊन आला तर रद्द. मूल आजारी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आदल्या दिवशी ईमेलवर, बदली दिवस पुढचा शनिवार. भेटीबाबतचे बोलणे फक्त एका ठरावीक ईमेलवर, फोनवर नाही. भेटीत मुलाला ‘आई कुठे राहते, घरी कोण येते’ असे विचारायचे नाही, आणि त्याच्या रक्ताचा, लाळेचा, केसांचा कसलाही नमुना घ्यायचा नाही. शेवटची अट वाचून काहींना आश्चर्य वाटेल. बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी मुलाच्या गालातून काडी फिरवून आणण्याचे प्रकार याच भेटींत घडू शकतात.

सहा महिन्यांनी फेरविचार, असेही आदेशात लिहून घ्यावे. तो सहा महिन्यांतल्या बारा भेटींपैकी चार वेळाच आला असेल, तर बालकक्षाच्या नोंदवहीची नक्कल त्याच्या तळमळीविषयी पुरेसे सांगते.

आदेश आवडला नाही, मूल भेटीहून रडत आले, म्हणून पुढची भेट आपल्या मनाने बंद करणे ही आयांकडून होणारी सर्वांत महागडी चूक. भीती खरी असते, पण कागदावर ती आदेशाचा भंग म्हणून उमटते, आणि ताबा बदलण्याचे कारण त्याला आयते मिळते. त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांना किंवा बालमानसतज्ज्ञांना दाखवावे, आणि दुसऱ्या दिवशी भेट स्थगित करण्याचा वा बदलण्याचा अर्ज द्यावा. ताब्याचे आदेश कधीच कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की बदलता येतात. मुलाला पढवणे ही दुसरी चूक. न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात. सहा वर्षांचे मूल ‘माझा मानसिक छळ होतो’ म्हणाले की ती भाषा कोणाची हे त्यांना लगेच कळते.

व्हिडिओ कॉलवरच्या भेटीही आता आदेशात येतात. लांब राहणाऱ्या पालकासाठी त्या चांगल्या आहेत, पण हिंसा असलेल्या प्रकरणात मागे कोरी भिंत हवी, फोन वेगळा हवा, आणि तो लावून देणारी व्यक्ती आई नको. त्याने भेट दिलेले घड्याळ, टॅब, खेळणे घरात आणण्यापूर्वी तपासावे. ठिकाण कळवणारी वस्तू त्यात असू शकते. आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक प्रकरणात राहून जाते: मुलाच्या आधारला, शाळेच्या ॲपला, लहानपणी उघडलेल्या ईमेल खात्याला मोबाइल क्रमांक कोणाचा जोडलेला आहे? बहुधा त्याचाच. म्हणजे शाळेच्या सहलीची सूचना आणि प्रत्येक ओटीपी त्याला जातो. घर सोडल्यावर पहिल्या आठवड्यात हे क्रमांक बदलावेत. न्यायालयात फीची पावती जोडताना शाळेचा आणि घराचा पत्ता दिसतो. तो समोरच्या पक्षाच्या प्रतीत झाकण्याची आणि मूळ कागद सीलबंद लिफाफ्यात देण्याची परवानगी मागता येते.

पितृत्वाचा वाद दोन तऱ्हांनी येतो, आणि दोन्ही नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली तऱ्हा नाकारण्याची. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचे ११२, सांगते की वैध विवाह चालू असताना, किंवा विवाह संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आईने पुन्हा लग्न केलेले नसताना मूल जन्मले, तर ते त्या पतीचेच, हा निर्णायक पुरावा. गर्भ राहू शकला असता त्या काळात दोघांचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे त्याने सिद्ध केले तरच हे गृहीतक हटते. २८० दिवस मोजायचे ते घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या तारखेपासून. वेगळे राहायला लागल्याच्या तारखेपासून नव्हे. इथे वकीलही चुकतात. ‘मला संशय आहे’ हे कारण चाचणीला पुरत नाही. उठसूट रक्ततपासणीचे आदेश देऊ नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये मुलाच्या खासगीपणाचा व ओळखीचा विचार करून ते पुन्हा ठासून मांडले. तेव्हा त्याने डीएनएचा अर्ज केला की घाबरून ‘हो, करा’ म्हणू नये आणि रागाने नुसते ‘नाही’ही म्हणू नये. लेखी उत्तर द्यावे: त्या काळात आम्ही एकाच घरात राहत होतो, हा भाडेकरार, हा सोनोग्राफीच्या कागदावर त्याचा क्रमांक, ही प्रसूतीच्या संमतीपत्रावर त्याची सही, हा शाळेच्या प्रवेश अर्जावर त्याने बाप म्हणून लिहिलेला मजकूर. संबंध शक्य होता एवढे दाखवले की गृहीतक आपल्या बाजूने उभे राहते. मात्र चाचणी एकदा झाली आणि अहवाल विरुद्ध गेला, तर गृहीतकापेक्षा विज्ञान वरचढ ठरू शकते, असे २०१४ चा निकाल सांगतो. म्हणून लढाई चाचणीच्या आधी, अर्जाच्या टप्प्यावरच करायची असते.

लग्न झालेले नसेल तर हे गृहीतक मिळत नाही. मुलाच्या पोटगीसाठी पितृत्व दाखवावे लागते, आणि तिथे डीएनए आईच्या कामी येतो. तो पुरुष नमुना द्यायला नकार देत असेल तर न्यायालय त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकते.

दुसरी तऱ्हा हक्क सांगण्याची. जन्मदाखल्यावर नाव नसलेला, वर्षभर फिरकला नसलेला मारकुटा साथीदार अचानक ‘मीच बाप’ म्हणून येतो. विवाहाबाहेर जन्मलेल्या हिंदू मुलाची नैसर्गिक पालक प्रथम आईच असते, तो नंतर. पालकत्वासाठी अविवाहित आईने केलेल्या अर्जात बापाला नोटीस काढलीच पाहिजे असे नाही, आणि आईच्या शपथपत्रावर जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. मूल जन्मले तेव्हा आई दुसऱ्या कोणाशी विवाहबद्ध असेल, तर कलम ११६ पतीच्या बाजूने उभे राहते. तिचा आणखी कोणाशी संबंध होता एवढ्यावरून ते हटत नाही, हे जानेवारी २०२५ च्या निकालात आले आहे.

चाचणी व्हायचीच असेल तर ती कशी होते हे ठाऊक असावे. मुलाला सुई टोचायची गरज नसते. गालाच्या आतून काडी फिरवलेली चालते, तसे न्यायालयाकडून मागावे. नमुना घेताना दोन्ही पक्ष हजर, प्रत्येकाचा फोटो, अंगठा आणि सही फॉर्मवर, पाकिटे समोर सीलबंद, सीलवर सह्या. यातले काही राहिले तर तिथेच लेखी हरकत नोंदवावी. आईचाही नमुना द्यावा. मुलाच्या जोडीतला आईकडचा भाग बाजूला काढला की बापाकडचा स्पष्ट होतो. प्रयोगशाळा डीएनएवर वीसेक ठिकाणी जुळणी पाहते. एकाच ठिकाणी फरक पडला तर तो उत्परिवर्तनाचा, म्हणजे डीएनएत आपोआप झालेल्या बदलाचा, असू शकतो, त्यावरून कोणी बाप नाही असे ठरत नाही. अनेक ठिकाणी फरक हवा. जुळले तर अहवालात ९९.९९ किंवा त्याहून अधिक टक्के असे येते, १०० कधीच लिहिलेले नसते. ‘शंभर टक्के नाही, म्हणजे शंका आहे’ हा युक्तिवाद न्यायालयात होतो, त्याला दबू नये. बापाचा सख्खा भाऊ वादात असेल, किंवा कोणाला नुकतेच रक्त चढवले वा अस्थिमज्जा बदलली असेल, तर प्रयोगशाळेला आधी सांगावे. घरी मागवलेल्या किटचा अहवाल न्यायालयात टिकत नाही, कारण ती लाळ कोणाची हेच सिद्ध होत नाही. रक्तगटावरून कोणी बाप नाही हे कधीकधी कळते, बाप आहे हे कधीच नाही.

पुराव्याबद्दल थोडे. दवाखान्यात ‘जिन्यावरून पडले’ असे सांगितलेले केसपेपरवर तसेच राहते आणि तीन वर्षांनी उलटतपासणीत समोर येते. कोणी मारले ते डॉक्टरांना सांगावे, लिहायला लावावे. पोलीस तक्रार घेत नसतील तर लेखी अर्जाची शिक्क्यासह पोहोच घ्यावी, तीही देत नसतील तर स्पीड पोस्ट आणि ईमेल. चॅटच्या नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नये: पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करावे, साठवलेल्या नावाऐवजी क्रमांक दिसावा, मूळ फोन विकू नये, फॉरमॅट करू नये. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आता दोन भागांत लागते, एक फोनधारकाचे आणि दुसरे तज्ज्ञाचे, आणि त्यात फाईलचा हॅश क्रमांक (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) लिहावा लागतो. कौटुंबिक न्यायालयाला कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे पुराव्याबाबत बरीच मोकळीक आहे. पती-पत्नींमधले चोरून केलेले रेकॉर्डिंगही वैवाहिक खटल्यात चालू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुलै २०२५ मध्ये आला. पण फौजदारी न्यायालयात ही मोकळीक नाही, म्हणून प्रमाणपत्र घेऊनच ठेवावे.

मूल उचलून नेलेच, तर तास मोजायचे. ११२ वर फोन, लेखी तक्रार, आणि ताब्याचा आदेश असेल तर त्याची प्रत. आदेश नसेल तर पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवायला तयार होत नाहीत, कारण बापही नैसर्गिक पालक. मग त्याच दिवशी कलम २१ व २३ चा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे, आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी याचिका. मुलाला बेकायदा अडकवून ठेवले असेल तर ती याचिका चालते, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. ‘थोडा शांत होऊ दे, आणून सोडेल’ या सल्ल्याने तीन महिने गेले की मूल तिथल्या शाळेत रुळलेले असते आणि न्यायालयही त्याला हलवायला कचरते. परदेशी नेण्याची भीती असेल तर पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याचा आदेश आधीच घ्यावा. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे बाहेर गेलेले मूल परत आणणे फार कठीण जाते.

पोटगीचे दोन शब्द. मुलाची पोटगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मिळते, आई-बापाचे लग्न झालेले असो वा नसो. दोघांनीही मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून, हे २०२० पासून ठरलेले आहे. थकबाकी वसूल करण्याचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. ‘देईल हळूहळू’ म्हणून थांबलेल्या बायकांचे जुने महिने बुडतात. सुटका व्हावी म्हणून संमतीच्या घटस्फोटात मुलाची पोटगी सोडून दिली असेल, तरी तो मुलाचा हक्क आहे. आईच्या सहीने तो संपत नाही.

मार खाणारा पुरुष असेल तर २००५ चा कायदा त्याला उपलब्ध नाही, पण १८९० च्या कायद्यातली चारित्र्य आणि हिताची कसोटी आहे. नोंदी, केसपेपर आणि नकलांबद्दल वर लिहिलेले त्यालाही जसेच्या तसे लागू पडते.

आपल्या वार्ताहरांना एक कळकळीची विनंती. या खटल्यांची बातमी देताना शाळेचा गणवेश दिसणारे छायाचित्र, राहण्याचा भाग, मुलाचे वय आणि आईचा व्यवसाय एकत्र छापू नयेत. एवढ्यावरून मूल कोण ते कळते आणि पत्ता सोडून गेलेली बाई सापडते. डीएनए अहवालाचा निष्कर्ष तर मुळीच छापू नये. ते मूल उद्या तीच बातमी वाचणार आहे. त्या जागी, चौकटीत, एवढे चार क्रमांक द्यावेत: महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, चाइल्ड हेल्पलाइन १०९८, मोफत विधी सेवा १५१००.

आपली,
कौटुंबिक प्रकरणे चालवणारी एक वकील
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)